चारातला एक

१९८७ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरला, ईस्टमन कोडॅकमध्ये चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय रेणूंच्या पातळ थरांतून १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर हिरवा प्रकाश मिळवला. ओएलईडी पडद्याची वंशावळ मी तिथून धरतो. पण त्या दिव्याला जन्मजात गळती होती. ऋण आणि धन भार भेटले, की निर्माण होणाऱ्या चार उत्तेजित अवस्थांपैकी एकच प्रकाश देते. उरलेल्या तीन, म्हणजे ‘ट्रिप्लेट’, उष्णतेत विरतात.

१९९८ मध्ये स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन यांच्या गटांनी रेणूत प्लॅटिनम बसवून त्या तिघींनाही उजेडात आणले. मागोमाग इरिडियम आले. दोन्ही धातू दुर्मीळ.

२०१२ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठात चिहाया अदाची यांच्या गटाने धातूच वगळला. इलेक्ट्रॉन देणारा आणि घेणारा भाग त्यांनी पीळ देऊन जोडले. दोन्ही अवस्थांमधली ऊर्जेची दरी इतकी अरुंद झाली, की खोलीतली ऊबच ट्रिप्लेटला पलीकडे नेऊ लागली. भाग फार दुरावले तर मात्र उजेडच मंदावतो. सारे कसब या तोलात आहे, असे मला वाटते.

निळा अजून हट्टी आहे. त्याची जास्तीची ऊर्जा रेणूचेच बंध तोडते. म्हणून बहुतेक पडद्यांत निळ्यासाठी अजून धातूविना जुनीच, कमी कार्यक्षम पद्धत चालते.