तुरीचे वाण : कीड-प्रतिकाराची कसोटी

बालाघाटच्या रांगेतील धारूर परिसरात खरिपाची तूर फुलोऱ्यात आली की शेतकऱ्याचे लक्ष शेंगा पोखरणाऱ्या अळीकडे लागते. घाटे अळी, पिसारी पतंग आणि शेंगमाशी हे तुरीचे मुख्य शत्रू. वाण 'प्रतिकारक' आहे असे सांगितले जाते. पण कशाला प्रतिकारक, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बदनापूर संशोधन केंद्राचा 'बीएसएमआर ७३६' मर व वांझ या रोगांना प्रतिकारक आहे. अळीपासून संरक्षणाची हमी त्यात नाही.

प्रतिकार तपासण्यासाठी वाण शेजारी-शेजारी पेरून फवारणी टाळली जाते. काढणीच्या वेळी किडलेल्या शेंगांची टक्केवारी काढून ती तुल्य वाणाशी ताडतात. १ ते ९ च्या मापनश्रेणीत १ म्हणजे पूर्ण प्रतिकार, ६ म्हणजे तुल्य वाणाइतकेच नुकसान. येथे फसगतही होते. लवकर पक्व होणारा वाण अळीच्या ऐन हंगामातून निसटतो. तो प्रतिकार नव्हे. म्हणून समान कालावधीचेच वाण एकमेकांशी तोलावे लागतात.

हैदराबादजवळील पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतून आलेल्या 'आयसीपीएल ३३२' अर्थात 'अभया' या वाणावर अळीचा उपद्रव तुलनेने कमी. मात्र मर रोगाला तो बळी पडतो. अधिक भक्कम प्रतिकार तुरीच्या रानटी भाईबंदांत आढळतो. त्यांच्या शेंगांवरील दाट लवेमुळे नुकत्याच जन्मलेल्या अळीला दाण्यापर्यंत पोचणे अवघड जाते.