लाल पोशाख आणि हातातला डबा : खान्देशातून पाहिलेली 'बेवॉच'

१/ जळगावच्या पिंप्राळ्याहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. जवळची नदी गिरणा. ती तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. तरीही १९९०च्या दशकात केबलच्या तारेवरून कॅलिफोर्नियाचा समुद्रकिनारा खान्देशातल्या घरांत शिरला. मालिका होती 'बेवॉच'.

२/ १९९१ मध्ये हाँगकाँगहून स्टार टीव्हीचे प्रक्षेपण सुरू झाले. केवळ दूरदर्शनची सवय असलेल्या प्रेक्षकांपुढे परदेशी वाहिन्या अचानक खुल्या झाल्या. स्टार प्लस तेव्हा इंग्रजी वाहिनी होती आणि 'बेवॉच' तिच्यावरच दिसे. केबलचे नियमन करणारा कायदा आला तो १९९५ मध्ये.

३/ मालिकेविषयीची मते दोन टोकांची होती. वडीलधाऱ्यांना ती निर्लज्ज वाटे, तरुणांना चोरून का होईना पाहावीशी वाटे. गंमत अशी की दोन्ही पक्षांची नजर एकाच गोष्टीवर खिळलेली होती : लाल पोशाखावर. हातातली वस्तू कोणी पाहिलीच नाही.

४/ मालिकेच्या जनकांपैकी ग्रेगरी बोनॅन हे स्वतः लॉस एंजेलिसचे जीवरक्षक. १९८९ मध्ये एनबीसीवर आलेली मालिका एकाच हंगामानंतर बंद झाली. १९९१ मध्ये ती पुन्हा उभी राहिली आणि २००१ पर्यंत चालली. मायकेल न्यूमन हे खरे जीवरक्षक तीत स्वतःच्याच नावाने वावरले.

५/ तरीही मालिकेने एक गैरसमज पसरवला. पडद्यावर बुडणारा माणूस हात हलवतो, ओरडतो. प्रत्यक्षात बुडणे बहुधा निःशब्द असते. श्वासासाठी धडपडणाऱ्या तोंडातून हाक निघत नाही. म्हणूनच जीवरक्षकाचे मुख्य काम उडी मारणे नसून नजर ठेवणे आणि वेळीच अडवणे हे असते.

६/ मात्र हातातली ती वस्तू खरी होती. जीवरक्षक तिला 'कॅन', म्हणजे डबा म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ती खरोखरच धातूची होती, दोन्ही टोकांना निमुळती. लाटांत तिचा मार बसे. पुढे लॉस एंजेलिसचे जीवरक्षक बॉब बर्नसाइड यांनी तिला प्लास्टिकचे, मुठी असलेले रूप दिले. तीच 'बेवॉच'मध्ये दिसते.

७/ हा डबा कशासाठी? बुडणारा माणूस हाती लागेल त्याला मिठी मारतो आणि वाचवणाऱ्यालाही खाली ओढतो. डबा दोघांमध्ये अंतर राखतो. बुडणाऱ्याने माणसाला नव्हे, डब्याला धरावे, एवढेच त्याचे तत्त्व.

८/ हे तत्त्व महाराष्ट्राच्या खेड्यांना अपरिचित नव्हते. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला झाकण घट्ट बसवलेला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधत. समुद्र नव्हता, पण तरंगत्या वस्तूवर भार टाकण्याची युक्ती ठाऊक होती.

९/ ती युक्ती आज विसरणे महागात पडते. भारतात दरवर्षी ३० हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. एकाला वाचवायला दुसरा उडी घेतो आणि दोघेही जातात, ही बातमी दर पावसाळ्यात येते. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडण्याच्या प्रतिबंधाचा जागतिक दिवस ठरवला.

१०/ गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून व्यावसायिक जीवरक्षक आहेत. पण नदीचा डोह, विहीर, प्लास्टिक अंथरलेले निसरडे शेततळे, इथे मनोरा नसतो, लाल पोशाखही नसतो. तिथे काठावर बांधलेला दोर, हवा भरलेली ट्यूब किंवा रिकामा कॅनच उपयोगी पडतो.

११/ म्हणून 'बेवॉच'विषयीचे जुने दोन्ही अभिप्राय अपुरे ठरतात. कथानक बेताचे आणि नाट्य भडक, हे मान्य. पण त्या किनाऱ्यावरून खान्देशाने उचलावी अशी एक गोष्ट होती : आधी डबा फेका, मग हाक मारा, पाण्यात उडी सर्वांत शेवटी. (समाप्त)