डॉक्टर परराज्यातले, दुखणं आपलं : घाटीत जाण्याआधी हे शब्द माहीत असू द्या

छत्रपती संभाजीनगर : पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, सिल्लोड, सोयगाव... जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्यात मोठं दुखणं निघालं की गाडी बहुतेक वेळा घाटीच्या गेटवर येऊन थांबते. १९५६ साली सुरू झालेलं हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय मराठवाड्याचा मोठा आधार आहे. पण अपघात विभागात पहिल्यांदा तपासणारे तरुण डॉक्टर मराठी असतीलच असं नाही.

त्याचं कारण साधं आहे. सरकारी कॉलेजांत एमबीबीएसच्या १५ टक्के आणि पुढच्या एमडी-एमएसच्या ५० टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्यामुळे राजस्थान, बिहार, केरळ, तेलंगणा कुठलेही डॉक्टर इथं शिकायला येतात आणि वॉर्डात रात्रंदिवस काम करतात. खासगी दवाखान्यांतही परराज्यातल्या सिस्टर दिसतात. माणसं चांगली, शिक्षण चांगलं. अडचण फक्त भाषेची.

आपण म्हणतो, त्यात काय, हिंदी तर सगळ्यांनाच येते. मोडकीतोडकी येते, खरं आहे. पण गावाकडे वाईट गोष्टीचं नाव कोणी थेट घेत नाही. साप, विष, पाळी, पोटुशेपण, लकवा या सगळ्यांना आपण आडवळणाचे शब्द वापरतो. आणि नेमक्या याच गोष्टी डॉक्टरला पहिल्या मिनिटाला कळायला पाहिजेत. म्हणून ही माहिती दोघांसाठी आहे. गावकऱ्यांनी दवाखान्यात काय शब्द वापरावा आणि नव्या डॉक्टर-सिस्टरनी आधी कोणते शब्द शिकावेत.

जीवावर बेतणारे शब्द

औषध : मेडिकलमधून आणतो ते औषध आणि कपाशीवर मारतो तेही औषध. "यानं औषध पिलं" म्हटलं की गावात सगळ्यांना कळतं. बाहेरच्या डॉक्टरला वाटतं, गोळी-औषध घेऊन आलाय. तिथं सरळ "विष", "जहर" किंवा "फवारणीचं कीटकनाशक" म्हणा. बाटली किंवा पुडा सोबत आणा, नाहीतर लेबलचा फोटो काढा. त्यावर विषारीपणाचा रंगीत त्रिकोण, आतल्या रसायनाचं नाव आणि उताऱ्याची माहिती असते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली होती, अनेक दगावले. त्यामुळे न पिताही, नुसतं फवारताना चक्कर, घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी सुरू झालं तरी "फवारणी करत होतो" हे आधी सांगा.

काही घरं पोलीस केसच्या भीतीनं "चक्कर येऊन पडला" एवढंच सांगतात. तसं करू नका, त्यात उपचाराचा वेळ जातो. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असं पाऊल उचललेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नाही असा कायदा आहे. मनावर ताण असेल तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा मोफत नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

जनावर, पान लागलं : रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून आपण "जनावर चावलं" किंवा "पान लागलं" म्हणतो. हिंदीवाल्याला "जानवर" म्हणजे कुत्रं, माकड. तो रेबीजच्या इंजेक्शनचा विचार करील. सरळ "साप" म्हणा आणि किती वाजता चावला तेही सांगा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच सापाच्या विषाची लस चालते, त्यामुळे साप मारून आणायची गरज नाही.

नागीण : हे उलटं आहे. कमरेवर, छातीवर एका बाजूला आग होऊन फोडांचा पट्टा उठतो, त्याला आपण "नागीण झाली" म्हणतो. हिंदीत नागिन म्हणजे मादी साप. "फोड आलेत" म्हणून जागा दाखवा.

अंगावरून वारं गेलं, अंगावरून जातं : ऐकायला सारखं, अर्थ दोन टोकाचे. पहिलं म्हणजे लकवा. दुसरं म्हणजे बाईला रक्त किंवा पांढरं पाणी जाणं. लकव्यात तोंड वाकडं होतं, एक हात-पाय लुळा पडतो, बोली अडखळते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. म्हणून "लकवा" हा शब्द वापरा आणि शेवटचं ठीक कधी होता ती वेळ सांगा. दुसऱ्या दुखण्यात रक्त की पांढरं ते स्पष्ट सांगा.

दिवस गेलेत : शब्दशः घेतलं तर याचा काहीच अर्थ लागत नाही. डॉक्टरनं एक्स-रे काढण्याआधी, गोळ्या लिहिण्याआधी "गरोदर आहे" किंवा "पेट से है" हे सांगितलंच पाहिजे. किती महिने तेही सांगा. पाळी चुकली असेल, नक्की माहीत नसेल, तरी सांगा.

पिशवी काढली : कोणती पिशवी? गर्भाची की पित्ताची? दोन्हींना आपण पिशवीच म्हणतो. पूर्ण नाव सांगा, जुने कागद दाखवा.

रोजच्या दुखण्याचे शब्द

मराठी आणि हिंदीत एकच शब्द, पण अर्थ वेगळा, असे बरेच आहेत.

- जुलाब : आपल्याकडे पातळ संडास. हिंदीत जुलाब म्हणजे पोट साफ करायचं औषध. तिथं "दस्त" म्हणा.
- जांघ : मराठीत मांडी आणि पोटाच्या मधली खाच. हिंदीत "जाँघ" म्हणजे अख्खी मांडी.
- पाठ आणि पीठ : आपली पाठ दुखते, त्यांची पीठ. आपलं पीठ गिरणीतून येतं.
- मान : हिंदीत गर्दन. त्यांच्या भाषेत मान म्हणजे इज्जत.
- कळ : "पोटात कळ येते" म्हटलं की हिंदीवाल्याला "कल" ऐकू येतं. "थांबून थांबून दुखतं", "रुक-रुक के दर्द" असं सांगा.
- मुंग्या : हातापायाला मुंग्या येतात, त्याला हिंदीत झुनझुनी म्हणतात.
- डोळे आले, तोंड आलं : डोळे लाल झाले, तोंडात फोड झाले असं सांगा.
- आकडी, फेफरं : हिंदीत मिरगी, दौरा. किती मिनिटं झटके आले ते सांगा. मोबाईलवर व्हिडिओ असेल तर दाखवा.
- कावीळ : हिंदीत पीलिया.
- डबा : लहान लेकराची छाती भरली, पोट उडायला लागलं की काही गावांत "डबा झाला" म्हणतात. दवाखान्यात "श्वास जोरात चाललाय" असं म्हणा आणि लेकराचं पोट उघडं करून दाखवा.
- कसंतरी होतं : याचा अर्थ मराठी डॉक्टरलाही लागत नाही. छातीत दाब येतो, की घाम सुटतो, की मळमळतं, वेगवेगळं सांगा.

डॉक्टर बोलले तर आपण काय समजायचं

"खाली पेट लेना" म्हणजे उपाशी पोटी. मराठीत खाली म्हणजे खालच्या बाजूला, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांचा घोळ होतो. "कल आना" म्हणजे उद्या या, पण हिंदीत कल हा शब्द कालसाठीही आहे. आपल्या "परवा"चंही तसंच, गेलेला की येणारा? म्हणून तारीख आणि वार विचारून घ्या. गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ, दुपार, रात्र अशा खुणा करून मागा.

समजलं नाही तर नुसती मान हलवू नका. डॉक्टरनं सांगितलेलं आपल्या शब्दांत परत बोलून दाखवा : "म्हणजे ही गोळी सकाळी उपाशी, ही रात्री जेवून, बरोबर?" चूक तिथंच सापडते.

नव्या डॉक्टर-सिस्टरसाठी दहा वाक्यं

२०१९ पासून एमबीबीएसच्या सुरुवातीला जो फाउंडेशन कोर्स असतो, त्यात स्थानिक भाषा शिकवायची तरतूद आहे. पण वॉर्डात लागणारी भाषा माणसांतच शिकावी लागते. एवढ्यानं सुरुवात होते :

१. काय होतंय?
२. कुठं दुखतं? बोट ठेवून दाखवा.
३. कधीपासून?
४. काय खाल्लं, काय पिलं?
५. काही चावलं का? साप, विंचू, कुत्रं?
६. शेतात फवारणी केली का?
७. पाळी कधी आली होती?
८. आधी कोणती गोळी चालू आहे?
९. उपाशी पोटी घ्या. जेवल्यावर घ्या.
१०. घाबरू नका.

सहावा प्रश्न पुस्तकात सापडणार नाही, पण आपल्या जिल्ह्यात तो विचारलाच पाहिजे. आणि म्हाताऱ्या माणसाला "आजी", "बाबा", "मावशी" म्हटलं की ते न विचारताही निम्मं सांगून टाकतात.

भाषेनं काय होतं

१९७३ च्या डिसेंबरात भामरागड तालुक्यातल्या हेमलकसा इथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथं गेले तेव्हा माडिया माणसांना मराठी येत नव्हती. त्यांनी रुग्णांना मराठी शिकवली नाही, स्वतः माडिया शिकले. मग लोक दवाखान्यात यायला लागले.

भाषेची चूक किती महाग पडते याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथं स्पॅनिश बोलणारे रुग्ण खूप, म्हणून अनेक डॉक्टर-नर्स कामापुरती स्पॅनिश शिकतात. १९८० साली फ्लोरिडात १८ वर्षांचा एक पोरगा बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात आला. घरच्यांनी "इंतोक्सिकादो" हा शब्द वापरला. त्यांच्या क्युबाकडच्या बोलीत त्याचा अर्थ काहीतरी खाण्यापिण्यातून बाधलं. डॉक्टरनं इंग्रजीसारखा अर्थ घेतला : नशा. उपचार नशेचे झाले, आणि डोक्यात रक्तस्राव होत होता. पोराचे हातपाय कायमचे गेले. एका शब्दाचा हा प्रकार. आपलं "औषध पिलं" याच जातीचं आहे.

हे फक्त परराज्यातल्या डॉक्टरपुरतं नाही. तांड्यावरची आजी गोरमाटी बोलते, सोयगाव-कन्नडच्या खानदेशाकडच्या गावांत अहिराणी चालते. तिथं शहरातला मराठी डॉक्टरही परकाच असतो.

जाताना एवढं करा

- जुने कागद, रिपोर्ट, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत ठेवा.
- कधी सुरू झालं, काय झालं, कोणती ॲलर्जी आहे, हे चिठ्ठीवर मराठीत लिहा. वॉर्डात वाचून सांगणारं कोणीतरी भेटतंच.
- बाईच्या दुखण्यासाठी सोबत बाई असू द्या. दुभाषी म्हणून लहान पोराला पुढं करू नका, आई त्याच्यासमोर निम्मं लपवते. गावातल्या आशाताईंना विचारा.
- रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला स्वतः बोलू द्या. सोबतच्यांनी सगळी उत्तरं देऊ नयेत.
- तातडीच्या वेळी १०८ वर फोन करा आणि फोनवरच साप, विष, लकवा, बाळंतपण यांपैकी काय आहे ते नाव घेऊन सांगा.

गावात आडपडदा ठेवून बोलायला हरकत नाही. दवाखान्याच्या दारात मात्र सापाला साप आणि विषाला विषच म्हणायचं.