पिवळ्या गुलाबाचें गणित

गुलाब हा शब्द आपण फारसींतून घेतला. त्याचा मूळ अर्थ गुलाबपाणी. फुलाला फारसींत नुसतें 'गुल' म्हणतात. शब्द जेथून आला त्याच इराणांतून बागांतील गडद पिवळ्या गुलाबाचा पूर्वज युरोपांत गेला, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानीं नसते. आज कोणत्याहि रोपवाटिकेंत पिवळें, केशरी, तांबूस फूल सहज मिळतें. त्यामुळें हे रंग गुलाबाला पहिल्यापासून असावेत असा समज होतो. वस्तुतः एकोणिसावें शतक संपेपर्यंत, थंडी सोसून वर्षांत पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या युरोपीय गुलाबांत हा गडद पिवळा रंग नव्हताच. तो कसा आला, हा वृत्तांत आम्हांस एखाद्या राज्यक्रांतीच्या वृत्तांताइतकाच बोधप्रद वाटतो.

या वृत्तांताच्या मुळाशीं एक लहानसें गणित आहे. गुलाबाच्या पेशींतील गुणसूत्रें सातांच्या पटींत असतात. ज्या जातींत सातांचे दोन संच, म्हणजे १४ गुणसूत्रें, त्या द्विगुणित. तीन संच असतां २१ व झाड त्रिगुणित. चार संच असतां २८ व झाड चतुर्गुणित. युरोपांतील जंगली कुत्रागुलाबांत तर पांच संच, म्हणजे ३५ गुणसूत्रें असतात, आणि त्याची व्यवस्था इतकी विलक्षण कीं परागकणांतून संततीस केवळ ७ मिळतात व मातेकडून २८. आईबापांचा वांटा सारखा असतो हा आपला सामान्य सिद्धांत येथें साफ फसतो.

आतां युरोपांतला जुना गॅलिका गुलाब चतुर्गुणित, तर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथें येऊं लागलेले चिनी गुलाब द्विगुणित. फिकट पिवळ्या रंगाचा एक चिनी चहा-गुलाब १८२४ मध्यें इंग्लंडांत पोंचला व त्याच्या वंशांत पिवळसर फुलें पुष्कळ निपजलीं. पण हीं झाडें नाजूक, थंडीनें खचणारीं. त्यांचा रंग काटक गुलाबांत आणूं जातां १४ व २८ यांची गांठ पडे आणि संतति २१ची होई. तीन संचांची जोडी नीट लागत नाहीं. म्हणून असें झाड बहुधा वांझ. लियों शहराच्या गियो यानें १८६७ मध्यें काढलेला सुप्रसिद्ध 'ला फ्रान्स' हा असाच त्रिगुणित होय. फूल अप्रतिम, रंग मात्र गुलाबीच; आणि वंश पुढें चालविण्यास तो बहुतांशीं निरुपयोगी.

शिवाय चार संचांच्या झाडांत सुप्त गुण बाहेर काढणें हें वेगळेंच संकट. द्विगुणित संकराचें स्वपरागण केलें असतां सुप्त गुण चारांत एका रोपांत प्रकट होतो. चतुर्गुणितांत दोन मात्रा प्रबळ व दोन सुप्त असतील, तर तोच गुण छत्तिसांत एका रोपांत दिसतो. शुद्ध पिवळें फूल हवें तर पिवळें द्रव्य असून भागत नाहीं. तांबडें द्रव्य नसावेंहि लागतें. तांबड्याच्या चार चार मात्रा असलेल्या कुळांत हा योग किती दुर्मिळ, हें वाचकांनींच पाहावें.

अशा स्थितींत १८३७ च्या सुमारास सर हेन्री विलॉक यांनीं इराणांतून इंग्लंडांत आणलेल्या भरगच्च पिवळ्या गुलाबाकडे लियोंच्या जोसेफ पेर्ने-द्यूशे याची दृष्टि गेली. हा 'पर्शियन यलो' चतुर्गुणित असल्यामुळें काटक गुलाबांशीं त्याचा आंकडा जुळत होता. पण पत्रिकेंतले गुण जुळले म्हणजे संसार जुळतोच असें नाहीं. गुणसूत्रांची संख्या एक असली तरी कुळें दूरचीं होतीं, व बीज क्वचितच धरे. १८८० नंतरच्या दशकांत पेर्ने-द्यूशे यानें शेंकडों फुलांवर हे पराग घातले. हातीं आलें फार थोडें. 'आंत्वान द्यूशे' या तांबड्या फुलाच्या झाडावर घातलेल्या परागांचा वंशज, तांबूस छटेचा नारिंगी-पिवळा 'सोलेय द'ओर', १९०० सालीं विक्रीस आला. आणि शुद्ध पिवळा 'रेयों द'ओर' येण्यास १९१० उजाडलें.

यांत लक्षांत घेण्याजोगें असें कीं, पेर्ने-द्यूशे यास वरील गणितांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. मेंडेलचे नियम १९०० मध्यें पुन्हा उजेडांत आले. गुलाबांतील सातांचें कोष्टक स्वीडनचे टॅकहोल्म, केंब्रिजचे हर्स्ट इत्यादि शास्त्रज्ञांनीं १९२० नंतर लाविलें. माळ्यानें कुलूप आधीं उघडलें. किल्लीची आकृति शास्त्रानें मागाहून काढली. यावरून कोणी शास्त्रास कमी लेखील तर तें चूक होय. 'मॅक्स ग्राफ' या बहुधा वांझ द्विगुणित संकराच्या एका रोपांत आपोआप संख्या दुप्पट झाली, तेव्हां जर्मनींतील कोर्डेस यानें त्याचें मोल ओळखलें. त्यांतून चतुर्गुणित बागेंत जाणारा एक नवा पूल मिळाला व १९५१ मध्यें त्या वंशास 'रोझा कोर्डेसी' हें नांव पडलें. योग दैवानें आला खरा, पण तो योग आहे हें कळण्यास डोळस माळी लागला.

पिवळ्या रंगाचें मोलहि द्यावें लागलें. इराणी पूर्वजाबरोबर पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला बळी पडण्याची प्रवृत्ति बागांत पसरली, आणि आजचे माळी औषधें फवारतात तीं अंशतः त्या जुन्या विवाहाचें देणें म्हणून. वंशांत एक गुण घ्यावा तर त्याच्याबरोबर येणारे बाकीचे नाकारतां येत नाहींत. निवड मनुष्याची, हिशेब निसर्गाचा.

पेर्ने-द्यूशे याच्या घरचा हिशेब याहून कठोर ठरला. त्याचे दोन्ही पुत्र पहिल्या महायुद्धांत पडले. त्यानें १९२० मध्यें एक पिवळा गुलाब थोरल्या क्लॉद्यूसच्या स्मृतीस व १९२१ मध्यें दुसरा जॉर्जच्या स्मृतीस वाहिला. पुढें १९३५ मध्यें फ्रान्सिस मेयां यानें केलेल्या संकरांतून जो फिकट पिवळा, कडेला गुलाबी झाक असलेला गुलाब निघाला, त्यास १९४५ मध्यें अमेरिकेंत 'पीस', म्हणजे 'शांति', असें नांव मिळालें. त्याच्या नोंदलेल्या वंशावळींत क्लॉद्यूसच्या नांवाचा गुलाब आहे. एका युद्धांत मेलेल्या मुलाच्या स्मृतीचें फूल दुसऱ्या युद्धाच्या अखेरीस शांतीचें पूर्वज ठरलें, हें कोणी योजिलेलें नव्हतें.

निळा रंग मात्र अद्याप दूर आहे. गुलाबाच्या कोणत्याहि कुळांत निळें द्रव्य घडविणारा गुण नाहीं. म्हणून संच जुळवून तो येणें नाहीं. जपानांत दुसऱ्या वनस्पतीचा गुण घालून केलेलें फूल २००९ मध्यें बाजारांत आलें, पण तें जांभळटच. जें कुळांत नाहीं तें पराग देऊं शकत नाहींत. जें आहे तें बाहेर काढण्यास मात्र छत्तिसांतल्या एकाची वाट पाहण्याचा धीर लागतो. पेर्ने-द्यूशेजवळ कोष्टक नव्हतें, धीर होता. आज आपणांजवळ कोष्टक आहे.