पिकाचा राखणदार आणि त्याचे हत्यार

खानदेशात शेती जितकी जुनी, तितकीच पिकाची राखणही जुनी आहे. तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या काठची काळी जमीन हात न आखडता देते. परंतु ती जे देते त्यावर शेतकऱ्याच्या आधी डोळा ठेवून बसणारे पुष्कळ असतात. दादर ज्वारीचा दाणा दुधात आला की पोपट आणि भोरड्या येतात, कणसे भरली की रानडुकरे येतात, हरभरा वर आला की हरणे आणि रोही येतात. आणि या साऱ्यांतून वाचलेले धान्य घरात येऊन पडले की उंदीर आपला वाटा घेण्यास हजर असतो. म्हणून जळगाव-धुळ्याकडचा बागाईतदार किंवा धान्याचा व्यापारी आज हत्यारांच्या दुकानात जाऊन जेव्हा विचारतो, की छऱ्याची बंदूक घ्यावयाची तर कोणत्या मापाच्या नळीची घ्यावी आणि छरे कोणते वापरावे, तेव्हा तो एक फार जुना प्रश्न नव्या शब्दांत विचारीत असतो. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळाने निराळे दिले आहे, आणि ती उत्तरे एकापुढे एक मांडून पाहणे उद्बोधक आहे.

अगदी पहिले उत्तर गोफणीचे होय. शेताच्या मध्यभागी चार खांबांवर माळा बांधावयाचा, त्यावर घरातील पोर किंवा म्हातारा बसवावयाचा आणि त्याच्या हाती गोफण द्यावयाची, ही महाराष्ट्रातील सर्वपरिचित रीत. तिच्या जोडीला सातपुड्याच्या पायथ्याशी गलोल असे. ही गलोल म्हणजे हल्लीची रबराची बेचकी नव्हे. ती बांबूची, दुहेरी दोरीची लहान धनुकली असून दोरीच्या मध्यभागी विणलेल्या झोळीत उन्हात वाळविलेली मातीची गोळी बसवून मारीत. आजच्या शिशाच्या छऱ्याची ही मातीची गोळी पूर्वज म्हणता येईल. या दोन्ही साधनांचा मुख्य गुण असा, की त्यांचे काम मारण्यापेक्षा हाकलण्याचे होते. गोफणीचा दोर फटकारल्याचा आवाज झाला की थवा उडे. गुंडा लागला काय आणि न लागला काय, काम होऊन जाई. मातीची गोळी फुटून पुन्हा मातीतच मिळे. पीक राखणे आणि प्राणी मारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या राखणदाराला कोणी शिकविले नव्हते. त्याच्या हत्यारातच ते सामावलेले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मात्र हे उत्तर अपुरे पडले. १८०३ च्या सुमाराचा दुष्काळ, होळकर-शिंद्यांच्या फौजांची धावपळ आणि पेंढाऱ्यांची लूट यांमुळे खानदेशातील गावेच्या गावे ओस पडली होती. १८१८ साली प्रांत इंग्रजांच्या हाती गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा कारभारासाठी धुळ्यास येऊन बसला, तेव्हा नांगराच्या जमिनीवर झाडी माजली होती व त्या झाडीत वाघ नांदत होते. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटियरात अशी नोंद आहे, की १८२२ मध्ये हिंस्र पशूंनी पाचशे माणसे आणि वीस हजार गुरे मारली. येथे गोफण काय करणार? १८२५ साली जेम्स औट्रम हा तरुण अधिकारी भिल्लांची पलटण उभी करण्यासाठी खानदेशात आला आणि धरणगाव हे त्या पलटणीचे ठाणे झाले. औट्रमने भिल्लांचा विश्वास संपादन केला तो बव्हंशी शिकारीतील सोबतीमुळे. त्याच्या येथील दहा वर्षांच्या वास्तव्यात त्याने व त्याच्या सोबत्यांनी सुमारे दोनशे वाघ मारले. शेत पुन्हा लागवडीस येण्यासाठी त्या काळी बंदूक आवश्यक होती, हे नाकारता येणार नाही. पण त्या वाघांचे पुढे काय झाले, हेही सर्वांना ठाऊक आहे. झाडी तुटली, वाघ संपले, आणि वाघ ज्यांना खाई त्या रानडुकरांना व रोह्यांना उसंत मिळाली.

पुढे १८५७ चा उठाव झाला. सेंधव्याच्या घाटात खाजा नाईक आणि भीमा नाईक यांनी भिल्लांना उठविले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे लढाई झाली. त्यानंतर सरकारला रयतेच्या हातातील प्रत्येक नळी संशयास्पद वाटू लागली. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ चा हत्यारांचा कायदा आला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरला. मनुष्यास, गुरांस व पिकांस उपद्रव देणाऱ्या जनावरांच्या नाशासाठी परवाना मिळण्याची सोय ठेवण्यात आली होती. परंतु परवाना कोणास द्यावयाचा हे साहेबाच्या मर्जीवर असे. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला, आणि १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत घातला. या वादात शेतकऱ्याच्या कणसाचे स्थान लहान होते. राज्यकर्त्यांना बंडाची चिंता, पुढाऱ्यांना स्वाभिमानाची. रानडुकराची चिंता एकट्या कुणब्याला.

त्याच सुमारास एक चमत्कारिक गोष्ट घडली. १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच, १८७९ च्या सुमारास दख्खनच्या जिल्ह्यांत उंदरांची धाड आली. उभी पिके त्यांनी कुरतडून टाकली. सरकारला मेलेल्या उंदरांमागे बक्षीस लावावे लागले. हत्यारांचा कायदा होऊन वर्ष लोटते न लोटते तोच शेतकऱ्यावर असा शत्रू चालून आला, की ज्याच्यापुढे हाती बंदूक असती तरीही ती निरुपयोगी ठरली असती. लाखो उंदरांवर एकेक गोळी कोण झाडणार? सापळे, बिळे खणणे, आणि साप व घुबडे यांना जगू देणे, हेच त्यावरील उपाय होते. पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि १८९८ मध्ये कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदराच्या अंगावरील पिसवेचा त्या रोगाशी असलेला संबंध दाखविला. तेव्हापासून उंदीर हा केवळ धान्याचा चोर राहिला नाही. तो घरातील माणसांच्या जिवाचाही वैरी ठरला.

आता छऱ्याच्या बंदुकीकडे वळू. दारूऐवजी दाबलेल्या हवेने गोळी फेकण्याची कल्पना युरोपात जुनी आहे. १७८० च्या सुमारास जिरांडोनी नावाच्या कारागिराने केलेली हवेची बंदूक ऑस्ट्रियाच्या सैन्याने प्रत्यक्ष वापरात आणली होती. परंतु घरोघरी पोचली ती स्प्रिंगची बंदूक. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्याने आणि जर्मनीतील डायना कारखान्याने ती मोठ्या प्रमाणावर बनविली व तेथून ती हिंदुस्थानातील सुखवस्तू घरांत आली. मुंबईतील अशाच एका घरातील सालीम अली नावाच्या मुलाने १९०८ च्या सुमारास एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी मामाने त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे पाठविले, आणि त्या एका प्रश्नातून देशातील सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ घडला. पुढे याच विद्येने असे दाखवून दिले, की ज्वारीवर तुटून पडणारी भोरडी आपल्या मूळ प्रदेशात, मध्य आशियात, टोळांचा व नाकतोड्यांचा फडशा पाडते. ज्याला आपण चोर म्हणतो तो वर्षातील काही महिने जागल्याही असतो. हे न ओळखता चीनने १९५८ साली चिमण्यांविरुद्ध देशव्यापी मोहीम काढली. चिमण्या गेल्या आणि किडींना मोकळे रान मिळाले. १९६० मध्ये त्या सरकारने शत्रूंच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तेथे ढेकणाचे घातले.

स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र कायदा केला. त्यात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्पष्ट तरतूद आहे. तेवढ्याने भागत नसेल तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचीही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने याला दुसरी बाजू जोडली. पोपट, मैना, मोर, रोही, रानडुक्कर यांस आपल्या मनाने मारता येत नाही. फार उपद्रव असल्यास वनखात्याकडे अर्ज करून परवानगी मिळवावी लागते, आणि नुकसानीची भरपाईही त्याच खात्याकडे मागता येते. उंदरांची गणना मात्र त्या कायद्याने प्रथमपासून उपद्रवी प्राण्यांत केली होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली; तथापि घरातील व वखारीतील उंदरास त्यामुळे संरक्षण मिळालेले नाही.

छऱ्याच्या बंदुकीपुरते बोलावयाचे, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनी मापाचा प्रश्न बराचसा सोडवूनच टाकला आहे. नळीचे माप ०.१७७ इंचापर्यंत, म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंत, आणि छऱ्याची शक्ती वीस ज्यूलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. याहून मोठ्या मापास, उदाहरणार्थ ०.२२ इंचास, म्हणजे साडेपाच मिलिमीटरला, परवाना हवा. या दोहोंतील फरक समजून घेण्याजोगा आहे. लहान छरा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, मोठा त्याच्या पावणेदोन पटीच्या जवळपास. शक्ती सारखी असता लहान छरा अधिक वेगाने व सरळ रेषेत जातो, त्यामुळे नेम धरणे सोपे; मोठा हळू जातो, अधिक वाकतो, परंतु लागला म्हणजे घाव मोठा करतो. इंग्लंडातील शेतकरी सशांसाठी पुष्कळदा मोठे माप पसंत करतात ते याचमुळे. आपल्याकडे वखारीतील उंदरासाठी दहा-पंधरा पावलांवरून लहान माप पुरेसे आहे.

छऱ्यांच्या आकाराचेही तसेच. चपट्या तोंडाचा छरा कागदात स्वच्छ वाटोळे भोक पाडतो, म्हणून निशाणबाजीच्या स्पर्धांत तोच वापरतात. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंजली भागवत अंतिम फेरीपर्यंत पोचल्या तो खेळ याच साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याचा. जवळच्या उंदरासही हा छरा चांगला, कारण तो आपली शक्ती तेथल्या तेथे टाकतो. गोल डोक्याचा छरा वेग अधिक काळ टिकवितो, म्हणून लांबच्या नेमास बरा. टोकदार छरा दिसण्यात भयंकर, पण तो आरपार जाण्याची भीती अधिक. आणि दगडी भिंतीवरून उलटलेला कोणताही छरा माणसाच्या डोळ्याचा घात करू शकतो. शिवाय छरा शिशाचा आणि शिसे विषारी. म्हणून धान्याच्या उघड्या राशीकडे कधीही नेम धरू नये, आणि झाडलेला प्रत्येक छरा शोधून उचलावा.

रानडुकरावर किंवा रोह्यावर ही बंदूक चालविण्याचा मोह मात्र कोणीही धरू नये. नर रोही दोनशे किलो वजनाचा असू शकतो. बारा बोअरच्या काडतुसाची शक्ती या छऱ्याच्या शंभरपटीहून अधिक असते, यावरून छऱ्याची मजल कळून येईल. त्याने असे जनावर मरत नाही. ते जखम घेऊन रानात जाते आणि दिवसेंदिवस झुरते, आणि डुक्कर चवताळले तर दुसऱ्या दिवशी निंदणीस आलेल्या बाईवर उलटते. पीक वाचले नाही ते नाहीच, वर गुन्हा पदरी पडला. रावेर-यावलच्या केळीच्या बागांना डुकरांपासून वाचवावयाचे तर कुंपण, गावाने मिळून केलेली राखण आणि भरपाईचा अर्ज हेच मार्ग आहेत. पाखरांना तर आवाज, चमकणाऱ्या पट्ट्या आणि माळ्यावरची गोफण आजही पुरते. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली सरकारच्या आवाहनावरून लोकांनी हजाराहून अधिक छऱ्याच्या बंदुका आपण होऊन जमा केल्या, त्या पाखरे संपत चालली म्हणूनच.

सारांश, दुकानात माप विचारण्यापूर्वी शेतकऱ्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावे: उपद्रव नेमका कोणाचा, त्यास मारण्याची खरोखर गरज आहे की हाकलून भागेल, आणि मारावयाचे तर कायदा काय म्हणतो. उत्तर ‘वखारीतील उंदीर’ असे आले, आणि सापळा व मांजर यांनी हात टेकले असतील, तर साडेचार मिलिमीटरची नळी, चपट्या तोंडाचा छरा आणि स्थिर हात एवढे पुरे आहे. उत्तर दुसरे काही आले, तर ती बंदूक दुकानातच राहू द्यावी आणि तो पैसा कुंपणाच्या तारेवर खर्च करावा.