दिनविशेष : २५ जुलै – गिटारला वीज, सोबत खंजिरी
१९६५ : अमेरिकेतील न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात गायक बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन मंचावर आला. साध्या गिटारवर पोसलेल्या श्रोत्यांपैकी काहींनी हुर्यो उडवली. त्याच वर्षीच्या ‘ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम’ या त्याच्या तबकडीने बदलाची चुणूक दाखवली होती : एक बाजू विजेच्या वाद्यांची, दुसरी बहुतांशी साध्या गिटारची. तीन गाण्यांनंतर डिलन साधी गिटार घेऊन परतला आणि तबकडीतलेच ‘मिस्टर टॅम्बरिन मॅन’ गायला. ते त्याला सुचले वादक ब्रूस लँगहॉर्नच्या भल्यामोठ्या डफावरून. टॅम्बरिन ही खंजिरीची बहीणच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीच्या साथीची भजने ऐकत वाढलेल्या विदर्भातील उमरखेडकरांना खंजिरीची ओळख करून द्यायला नको.