ओपनपॉज

ओपनपॉज ही दूरचित्रवाणीच्या रिकाम्या रेडिओ वाहिन्या शोधून त्यांवरून बिनतारी संदेशवहन शक्य करणारी मुक्तस्रोत संगणकप्रणाली आहे. ती भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील विद्युत अभियांत्रिकी विभागात, अभय करंदीकर आणि अनिमेष कुमार यांच्या संशोधनगटात विकसित झाली. २०१५ मध्ये तिच्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तिची मूळ आज्ञावली ग्नू जनरल पब्लिक लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली सर्वांसाठी खुली करण्यात आली.

पार्श्वभूमी

भारतात ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ हा कंप्रतापट्टा दूरचित्रवाणीच्या भूस्थित प्रक्षेपणासाठी वापरला जात असे. प्रत्येक वाहिनीची रुंदी ८ मेगाहर्ट्झ असल्याने या पट्ट्यात १५ वाहिन्या सामावतात. भूस्थित प्रसारण केवळ दूरदर्शनकडे असल्यामुळे कोणत्याही एका ठिकाणी यांतील मोजक्याच वाहिन्या व्यापलेल्या असत. उरलेल्या रिकाम्या भागास ‘टीव्ही व्हाइट स्पेस’ म्हणतात.

याच गटाने २०१४ मध्ये उत्तर विभाग वगळता देशाच्या चार विभागांतील रिकाम्या पट्ट्याचे मापन प्रसिद्ध केले. या विभागांत सरासरी १०० मेगाहर्ट्झपेक्षा अधिक पट्टा मोकळा असल्याचे त्यात दिसून आले. वाहिन्यांची फेरवाटणी केल्यास त्या वेळचे सर्व प्रक्षेपण चार वाहिन्यांत, म्हणजे ३२ मेगाहर्ट्झमध्ये, भागू शकते, असाही निष्कर्ष त्यात होता.

या पट्ट्याचे महत्त्व लहरींच्या लांबीत आहे. ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६० सेंटिमीटर असते. वायफायसाठी वापरल्या जाणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे ५ सेंटिमीटर. लांब लहरी झाडी आणि चढउतार यांमुळे तुलनेने कमी क्षीण होतात. त्यामुळे कोकणासारख्या डोंगराळ, विखुरलेल्या वाड्यापाड्यांच्या प्रदेशात त्या अधिक उपयुक्त ठरतात.

कार्यपद्धती

ओपनपॉजचे दोन प्रमुख भाग आहेत. पहिला भाग म्हणजे माहितीसंच. प्रक्षेपकाचे स्थान, शक्ती, मनोऱ्याची उंची आणि वाहिनी यांवरून त्याचे प्रक्षेपण कुठवर पोहोचते याचे गणित मांडले जाते. त्या क्षेत्रात ती वाहिनी इतरांसाठी वर्ज्य ठरते.

दुसरा भाग म्हणजे माहितीसंचाशी संवाद साधणारा नियमसंच. ‘पॉज’ या नावाचा हा आंतरराष्ट्रीय नियमसंच मे २०१५ मध्ये आरएफसी ७५४५ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. त्यानुसार बिनतारी उपकरण प्रथम आपली ओळख देते, मग आपले अक्षांश-रेखांश कळवून मोकळ्या वाहिन्यांची यादी मागते. उत्तरात वाहिन्यांबरोबरच अनुज्ञेय शक्ती आणि मुदत कळवली जाते. मुदत संपल्यावर उपकरणास पुन्हा विचारणा करावी लागते. बाजारात सहज मिळणाऱ्या यंत्रसामग्रीवर हा नियमसंच बसवून, माहितीसंचास विचारणा करून चालणारे उपकरणाचे प्रारूपही गटाने तयार केले.

अशा प्रणालीच्या चाचणीत दोन गोष्टी पडताळाव्या लागतात: उपकरणास मोकळ्या वाहिनीवर पुरेसा वेग मिळतो का, आणि शेजारच्या घरातील दूरचित्रवाणी संचास त्याचा व्यत्यय तर होत नाही ना. दुसरी गोष्ट माहितीसंचातील गणितावर अवलंबून असते. आज्ञावली खुली असल्याने ते गणित कोणाही अभ्यासकास तपासता येते.

पालघर येथील चाचणी

भारतनेट योजनेची प्रकाशतंतूची जोडणी ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचते. तिथून पुढे पाड्यांपर्यंतचे अंतर हा खरा अडसर असतो. तो ओलांडण्यासाठी याच गटाने ‘ग्राम मार्ग’ या प्रकल्पाखाली पालघर जिल्ह्यातील खामलोली परिसरात, सुमारे २५ चौरस किलोमीटर क्षेत्रात, टीव्ही व्हाइट स्पेसवर आधारित जाळे उभारले. त्यात दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातून गावापर्यंत जोडणी आणून गावात वायफायने ती वाटण्यात आली. २०१७ मध्ये ग्राम मार्ग प्रकल्पास मोझिलाच्या ‘इक्वल रेटिंग’ नवोपक्रम स्पर्धेचे प्रथम पारितोषिक मिळाले.

मर्यादा

आज्ञावली मुक्त असली, तरी ज्या लहरींवर ती चालते त्या मुक्त नाहीत. भारतात या पट्ट्याचा विनापरवाना वापर करता येत नाही. चाचणीसाठीही शासनाचा प्रायोगिक परवाना लागतो. त्यामुळे एखादी ग्रामपंचायत किंवा महाविद्यालय ही प्रणाली उतरवून घेऊ शकते, अभ्यासू शकते, बदलू शकते. परंतु तिच्या आधारे स्वतःचे प्रक्षेपण सुरू करू शकत नाही. पालघरमधील पुढील टप्प्यात २५ गावांसाठी ५.८ गिगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा वापरण्यात आला. या पट्ट्यात दोन्ही टोके एकमेकांच्या दृष्टिपथात असावी लागतात; त्यासाठी उंच मनोरे उभारावे लागतात आणि खर्च वाढतो.

प्रसार भारतीने २०२२ पर्यंत बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. परिणामी जुन्या प्रक्षेपकांच्या नोंदींवर आधारलेला कोणताही माहितीसंच सुधारल्याखेरीज आजची स्थिती दाखवू शकत नाही. ओपनपॉजच्या परवान्यानुसार आज्ञावलीत असे बदल करण्याचा अधिकार सर्वांना आहे. मात्र सुधारित प्रणालीचे वितरण करणाऱ्याने तीही त्याच अटींवर खुली ठेवणे बंधनकारक आहे.